गाळलेला शब्द

दुकानदारानं कार्डावर दोन टक्के जादा मागितले की त्याच्याशी भांडायचं, हा माझा अनेक वर्षांचा नेम होता. रिझर्व्ह बँकेच्या २५ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकाची प्रत मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून पिशवीत ठेवत असे. कार्डावर असं शुल्क घेणं समर्थनीय नाही, दुकानदारानं बँकेशी केलेल्या करारात ते बसत नाही, जो घेईल त्याच्याशी बँकेनं संबंध तोडावेत, असा त्याचा आशय. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मी ग्राहक चळवळीच्या कामात पडलो होतो. ग्राहक पंचायत १९७४ साली पुण्यातच, बिंदुमाधव जोशींच्या पुढाकारानं उभी राहिली. बिल मागावं, छापील किमतीवर बोट ठेवावं, गप्प बसू नये, हे माझी पिढी त्या चळवळीकडून शिकली. दर शनिवारी आम्ही तिघं-चौघं एका वाचनालयाच्या ओट्यावर बसून लोकांना तक्रारअर्ज लिहून देत असू. 'दोन टक्के' ही त्यातली नेहमीची तक्रार. ती हाताळण्यात माझा हातखंडा होता आणि मला त्याचा अभिमानही होता.

ते मत आता माझं राहिलेलं नाही. का राहिलं नाही हे सांगायचं तर एका दुकानापासून सुरुवात करावी लागेल, आणि तिथं मी काय केलं हे आजवर मी घरातसुद्धा पुरतं सांगितलेलं नाही.

२०१९ च्या दिवाळीआधीचा आठवडा. धाकट्या मुलीच्या नव्या बिऱ्हाडासाठी फ्रिज घ्यायचा होता. सिंहगड रस्त्यालगतच्या एका आतल्या गल्लीत घरगुती उपकरणांचं छोटं दुकान आहे. नवरा, बायको आणि हाताखाली एक पोरगा, एवढीच माणसं. फ्रिज बत्तीस हजाराला ठरला. मी कार्ड पुढं केलं.

"काका, क्रेडिट कार्डाला दोन टक्के वर पडतात," दुकानदार म्हणाला. "डेबिट द्या, नाहीतर यूपीआय करा. त्याला काही नाही."

"तो तुमच्या धंद्याचा खर्च आहे," मी म्हणालो. "दुकानाचं भाडं माझ्याकडून वेगळं घेता का? लाइटबिल घेता?"

हे माझं ठेवणीतलं वाक्य. त्यावर सहसा कोणी उत्तर देत नसे. त्यानंही दिलं नाही. मग मी पाकीट काढून चार गिऱ्हाइकांसमोर परिपत्रक वाचून दाखवलं. त्यानं बायकोकडं पाहिलं, तिनं मान हलवली, आणि बत्तीस हजारांचीच स्लिप निघाली.

इथपर्यंतची हकिकत मी शनिवारी ओट्यावर सांगितली. पुढची सांगितली नाही. घरी येऊन मी त्याच्या बँकेला ईमेल केला. शुल्क त्यानं घेतलं नव्हतं, नुसतं मागितलं होतं. तरीही धडा मिळावा म्हणून केला. बँकेचं नाव स्लिपवरच होतं. त्या ईमेलमध्ये मी 'कार्ड' एवढंच लिहिलं. परिपत्रकातला शब्द 'डेबिट कार्ड' असा होता आणि माझं कार्ड क्रेडिटचं होतं. दुकानात मोठ्यानं वाचतानाही मी तो शब्द गाळला होता. नजरचुकीनं नाही. फरक मला ठाऊक होता, पण तत्त्व एकच आहे अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

पुढची तीन वर्षं मला त्यात काही गैर वाटलं नाही. मत बदललं ते आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत, २०२२ साली.

आमची सोसायटी शहाण्णव घरांची. मेंटेनन्स तिमाहीला दहा हजार पाचशे. करोनाच्या पहिल्या वर्षी कोणी कोणाच्या दारात जाईना, तेव्हा बिलं ॲपवरून भरण्याची सोय केली होती. दोन वर्षांनी खजिनदारकी माझ्याकडं आली आणि मी हिशेब तपासायला बसलो. बँक चार्जेसच्या खात्यात पूर्वी वर्षाला चार-पाचशे रुपये दिसत. आता तिथं गेटवेच्या नावानं २१,८०६ रुपये होते. खणत गेलो तेव्हा कळलं की बावीस सभासद क्रेडिट कार्डानं भरत होते. प्रत्येकी वर्षाचे बेचाळीस हजार, मिळून नऊ लाख चोवीस हजार. त्यावर दोन टक्क्यांनी १८,४८० रुपये कापले गेले होते, आणि त्या कापलेल्या रकमेवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३,३२६. आमचं मेंटेनन्स महिना साडेसात हजारांच्या आतलं, त्यामुळं ते जीएसटीच्या कक्षेत येत नाही, आणि म्हणूनच असा भरलेला जीएसटी परतही मिळत नाही. सगळी रक्कम शहाण्णव घरांत सारखी वाटली गेली होती. घरटी २२७ रुपये.

त्या बाविसांत मी एक होतो.

सभेत पहिल्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात. दर तिमाहीला चेक देतात, मागं फ्लॅटचा नंबर लिहून. हिशेबाच्या छापील पानावर त्यांनी पेन्सिलनं खूण करून आणली होती.

"हे एकवीस हजार कशाचे?"

मी सांगितलं.

"यात माझ्या चेकचे किती?"

"काही नाही, काकू."

"मग माझे दोनशे सत्तावीस कोणासाठी गेले?"

उत्तर द्यायला मला वेळ लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदानं मध्येच सांगितलं की हा सोसायटीचा सामाईक खर्च आहे, लिफ्टसारखा. पहिल्या मजल्यावरचे लोक लिफ्टचे पैसे देतातच की. हा बिनतोड मुद्दा आहे असं क्षणभर मलाही वाटलं, कारण उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च खरोखरच सगळ्यांत सारखा वाटतात. काकू शांतपणे म्हणाल्या, "लिफ्ट माझ्या मजल्यावरही थांबते. मी चढते तिच्यात. तुमच्या कार्डाचे पॉइंट मला कुठं मिळतात?"

माझ्या स्वयंपाकघरात पाच लिटरचा एक प्रेशर कुकर आहे. तो मी कार्डाच्या पॉइंटवर घेतला होता. फुकट मिळाला, असं बायकोला सांगितलं होतं.

त्या रात्री मी कार्डाचं अर्थकारण नीट समजून घ्यायला बसलो. इतकी वर्षं ज्या शुल्कावर भांडलो ते जातं कुठं, हे मी कधी पाहिलं नव्हतं, याची आज लाज वाटते. दुकानदाराकडून कापलेल्या दोन टक्क्यांतला मोठा वाटा माझं कार्ड देणाऱ्या बँकेला जातो. एक छोटा वाटा कार्डाचं जाळं चालवणाऱ्या कंपनीला जातो, उरलेला दुकानातलं मशीन ज्या बँकेचं तिला. माझ्या बँकेच्या त्या मोठ्या वाट्यातून माझे पॉइंट येतात, विमानतळावरच्या लाउंजमधला नाश्ता येतो, दीड महिना बिनव्याजी पैसे वापरायला मिळतात तेही बऱ्याच अंशी त्यातूनच. बँक खूश होऊन मला बक्षीस देत नव्हती. दुकानदार देत होता. दुकानदाराला हा खर्च वेगळा दाखवू दिला नाही तर तो किमतीतच मिसळणार, आणि किंमत तर सगळ्यांना एकच. आमच्याकडं धुणीभांडी करणाऱ्या ताईंनी त्याच गल्लीतून रोखीनं मिक्सर घेतला तर त्यांच्या पैशातला एक कण माझ्या कुकरात येतो. सोसायटीत हे दिसलं, कारण सोसायटी हिशेब छापून घरोघरी वाटते. दुकानाचा हिशेब गिऱ्हाइकाच्या हातात येत नाही, एवढाच फरक.

माझ्या ठेवणीतल्या वाक्याचं उत्तरही तेव्हाच सुचलं, आणि ते २०१९ मध्ये मुलीच्या जिन्यात घडलेलं होतं. दुकानाचं भाडं कोणी काही घेवो न घेवो, द्यावंच लागतं. क्रेडिट कार्डाचं शुल्क मी ते कार्ड पुढं केलं तरच लागतं. तोच फ्रिज मुलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी चढवायला दोघा हमालांनी तीनशे रुपये वेगळे घेतले होते. मी ते हू की चू न करता दिले. तळमजल्यावरच्या गिऱ्हाइकानं माझी हमाली का भरावी, हे मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नव्हती.

मग मी त्या फ्रिजचा हिशेब मांडला. दुकानदारांच्या तोंडून ऐकलेल्या मार्जिनवरून मांडला, म्हणून तो ढोबळ समजावा. बत्तीस हजारांत अठरा टक्के जीएसटी धरलेला, म्हणजे सरकारचे ४,८८१ रुपये. उरतात २७,११९. अशा वस्तूवर छोट्या दुकानदाराला पाच टक्के सुटले तर साधारण साडेतेराशे रुपये होतात. मात्र कार्डाचं शुल्क लागतं ते पूर्ण बत्तीस हजारांवर: ६४० रुपये. सरकारला भरायच्या कराच्या रकमेवरसुद्धा तो बँकेला सुमारे ९८ रुपये देतो. हे मला अजून पचलेलं नाही. शुल्कावरचा जीएसटी त्याला विवरणपत्रात वजा मिळतो हे खरं, पण साडेतेराशेतले सहाशे चाळीस गेले ते गेलेच. भाडं, लाइट, पोराचा पगार या सगळ्यासाठी त्या फ्रिजमधून सातशे दहा रुपये उरले. मी डेबिट कार्ड दिलं असतं तर तेव्हाच्या नियमानं जास्तीत जास्त २८८ गेले असते. आणि तेवढे तो स्वतः सोसायला तयार होता. 'डेबिट द्या, त्याला काही नाही' याचा अर्थ तोच होता.

नियमांचा इतिहास मला पाठ होता, पण त्यातून निघणारा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. डेबिट कार्डाच्या शुल्कावर रिझर्व्ह बँकेनं २०१२ साली कमाल मर्यादा घातली: दोन हजारांपर्यंत पाऊण टक्का, त्यापुढं एक टक्का. १ जानेवारी २०१८ पासून ती आणखी उतरली. वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला मशीनवर ०.४० टक्के, मोठ्याला ०.९० टक्के, आणि एका व्यवहारामागं अनुक्रमे दोनशे आणि हजार रुपयांची कमाल. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरचं शुल्क शून्य झालं. म्हणजे आधी बँकांचा हात आखडला आणि त्याबरोबर दुकानदाराला सांगितलं की हे गिऱ्हाइकावर ढकलू नकोस. यात न्याय आहे. क्रेडिट कार्डावर मात्र अशी कमाल मर्यादा कुणीच घातलेली नाही. बँकेनं वाटेल तेवढं कापावं आणि दुकानदारानं चकार शब्द काढू नये, अशी ही व्यवस्था आहे, कारण बँकांच्या करारांत जादा शुल्काला बहुधा मनाई असते. कागदावर तो दुकानदार त्या कलमात सापडत होता, हे मी नाकारत नाही. ते कलमच अन्यायाचं आहे, असं आज माझं मत आहे.

ब्रिटनचं उदाहरण मी पूर्वी भाषणांत द्यायचो. तिथं १३ जानेवारी २०१८ पासून ग्राहकाकडून कार्डाचं शुल्क घेण्यावर बंदी आली. पण अर्धंच सांगायचो. युरोपीय संघानं २०१५ सालीच कार्ड देणाऱ्या बँकेचा वाटा डेबिटला ०.२ टक्के आणि क्रेडिटला ०.३ टक्के असा बांधून टाकला होता, आणि ब्रिटन तेव्हा त्या संघात होतं. आधी वेसण, मग बंदी. ऑस्ट्रेलियानं उलटा रस्ता धरला: २००३ पासून दुकानदाराला शुल्क वेगळं लावू दिलं, आणि २०१६ मध्ये प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त लावायला मनाई केली. दोन्ही रस्ते मला समजतात. दोन्ही सोडून केवळ दुकानदाराला गप्प बसवणं मला आता समजत नाही.

म्हणून कोणी कसलंही शुल्क लावावं असं माझं म्हणणं नाही. यूपीआयवर किंवा डेबिट कार्डावर दोन टक्के मागणारा दुकानदार आजही चूक आहे, आणि त्याची तक्रार मी आजही लिहून देईन. बँक दोन कापत असताना तीन मागणारा तर उघड लबाड आहे. 'रोख द्या, बिल नको' हा पर्यायही मला मान्य नाही. रोखीलाही खर्च असतो, मोजणं, सुट्टे, भरणा, चोरीची धास्ती, हे सगळं आहेच. ऑनलाइन खरेदीत दहा पानं भरून घेऊन शेवटच्या पानावर 'सुविधा शुल्क' चढवतात, तिथं दुसऱ्या रीतीनं पैसे द्यायची सोयच नसते. ही फसवणूक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांची यादी अधिसूचित केली, तिच्यात किंमत टप्प्याटप्प्यानं उघड करण्याचा हा प्रकार आहे, आणि तो यादीत आला याचा मला मनापासून आनंद झाला. मला मान्य आहे ते एवढंच: फुकटचा पर्याय समोर असताना मी महागडा पर्याय निवडला तर त्याचा नेमका खर्च, आधी सांगून, माझ्याकडून घ्यावा.

सोसायटीत तसाच ठराव झाला. चेक, एनईएफटी, यूपीआय, डेबिट कार्ड यांना काही नाही; क्रेडिट कार्डानं भरणाऱ्यानं गेटवे कापेल तेवढी रक्कम स्वतः द्यावी. एका तिमाहीला २४७ रुपये ८० पैसे. ठराव मीच मांडला. पुढच्या तिमाहीत बाविसांपैकी तिघंच क्रेडिट कार्डावर राहिले. बाकीच्यांना, मला धरून, आपल्या पॉइंटची किंमत स्वतः मोजायची नव्हती.

त्या दुकानात परत जायला मात्र मला आणखी बरेच महिने लागले. दुकान होतं तसंच होतं. मी नाव सांगायच्या आधीच त्यानं ओळखलं.

"काका, फ्रिज चालतोय ना?"

मी म्हणालो, चालतोय. मग म्हणालो की मला काही सांगायचं आहे. बायकोनं स्टूल पुढं केलं. मी ईमेलची गोष्ट सांगितली, गाळलेल्या शब्दासकट. त्यानं मला मध्ये थांबवलं नाही.

"बँकेनं मशीन बंद केलं होतं," सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला. "तेरा दिवस. धनत्रयोदशी गेली, पाडवा गेला. नाव नाही सांगितलं त्यांनी, पण त्या आठवड्यात कार्डावर एकच फ्रिज गेला होता."

पाडव्याला टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन घ्यायला लोक मुहूर्त साधून येतात. त्या दिवशी कार्डाचं मशीन नसणं म्हणजे काय, हे या धंद्यातल्या माणसाला विचारावं. त्यानं मला आकडा सांगितला नाही आणि विचारायचं धैर्य मला झालं नाही. मी माफी मागितली. त्याच्या बायकोनं चहा मागवला. नंतर त्यानं ड्रॉवरमधून बँकेचं स्टेटमेंट काढून माझ्यासमोर ठेवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. गिऱ्हाइकानं क्यूआर स्कॅन केला, स्पीकर बोलला, सगळं यूपीआयसारखंच. पण मागं रुपेचं क्रेडिट कार्ड जोडलेलं होतं, म्हणून पैसे कापून आले. "आता तर आम्हाला कळतही नाही, कोण कशानं देतंय," तो म्हणाला. ग्राहकाच्या बाजूनं मी सहा वर्षं बोललो, आणि काउंटरच्या या बाजूचा कागद मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचत होतो.

शनिवारी ओट्यावर आता 'दोन टक्के' म्हणून कोणी आलं की मी पहिला प्रश्न विचारतो: कार्ड कुठलं होतं? वाचकांनाही माझी हीच विनंती आहे. छोट्या दुकानात क्रेडिट कार्ड पुढं करण्याआधी यूपीआय किंवा डेबिट चालेल का पाहा. क्रेडिटच वापरायचं असेल आणि त्यानं नेमका खर्च आधी सांगून मागितला, तर द्या. डेबिटवर किंवा यूपीआयवर मागितला, तर देऊ नका आणि तक्रार करा. आणि क्रेडिट कार्डाच्या शुल्कावर डेबिटसारखीच कमाल मर्यादा घाला, ही मागणी ग्राहक संघटनांनी व्यापाऱ्यांच्या बरोबरीनं रिझर्व्ह बँकेकडं करायला हवी. ती मागणी करण्यात आम्ही मागं राहिलो.

मागच्या महिन्यात मी त्या बँकेला पत्र लिहिलं. २०१९ ची माझी तक्रार चुकीची होती, कार्ड क्रेडिट होतं, आणि दुकानदारानं जादा एक रुपयाही घेतला नव्हता, असं त्यात स्पष्ट नोंदवलं. एक प्रत दुकानात नेऊन दिली. बँकेची पोच आली आहे.